वाळक्या शेळीवरून नेलेलं नवं

दसरा जवळ आला की माझ्या टाळूला टोचायला लागतं. नातवंडं हसतात. "आज्जा, डोक्यावर एक केस न्हाई, आणि टोचतंय काय?" म्हणतात. लोंब्या टोचतात रे गाढवांनो! भाताच्या ओल्या लोंब्या पटक्यात खोचून अख्खं खोरं सायकलवरून पार केलेला माणूस तुमच्यासमोर बसलाय, आणि तुम्ही त्याला पाणी पिताना हळू पी म्हणून सांगताय. हा प्रकार एकदा लिहून ठेवलाच पाहिजे. माझ्यामागं सांगणार कोण? नागोजीकाकाचे नातू तर नक्कीच सांगणार नाहीत.

आज मी रामनगरात, सरकारनं दिलेल्या जागेवर बांधलेल्या घराच्या कट्ट्यावर बसून लिहितोय. आमचं गाव, शेतं, ज्या वाटेची ही हकिकत आहे ती वाट, सगळं सुप्याच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्याचं रडगाणं मला गायचं नाही, ते गाणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्या खोऱ्यात तीन इगर्जी, म्हणजे चर्च, होत्या. कधीकाळी गोव्यातून घाट चढून वर आलेल्या किरिस्तावांनी त्या चिऱ्यांनी बांधल्या होत्या. बुटक्या भिंती, वर चुना, पुढं दगडी खुरीस, म्हणजे क्रूस, आणि एका कोपऱ्यात घंटा. पाद्री वर्षातून दोनदा यायचा, एरवी गावचंच कुणीतरी म्हातारं माणूस दिवा लावायचं आणि घंटा वाजवायचं. त्यांच्या फेस्ताला आमच्या परसातला केळीचा घड जायचा, आमच्या शिमग्याला त्यांचा ढोल यायचा. आणि नवं तर दोघांचं एकच.

नवं म्हणजे नव्या भाताचा पहिला घास. दसऱ्याच्या सकाळी सूर्य उगवल्यावर आमच्या शेतातून पहिल्या लोंब्या कापायच्या. एक जुडी गावदेवीला, तीन जुड्या तीन इगर्जींना. त्या नेण्याचा मान आमच्या घराचा. का, ते माझ्या बापाला, आबाला, ठाऊक नव्हतं, आबाच्या बापालाही नव्हतं. इगर्जीत जुडी चढली की तिथली घंटा एकसारखी, दम न घेता वाजवायची, आणि ती ऐकल्यावरच त्या गावानं नवे तांदूळ चुलीवर ठेवायचे. नेम कडक होते. नेणाऱ्याच्या पोटात अन्न नको. लोंब्या वाटेत कुठंही भुईला लागू नयेत, म्हणून त्या पटक्यात खोचून डोक्यावरून न्यायच्या. आणि तिसऱ्या इगर्जीत त्या दुपारच्या घंटेच्या आत पोचल्या पाहिजेत. नाही पोचल्या तर नदीपलीकडं राहणाऱ्या आमच्या भाऊबंदाच्या, नागोजीकाकाच्या शेतातली जुडी तिथं चढायची. एकदा त्याची जुडी चढली की मान कायमचा त्याच्या दाराला. नागोजीकाका दर दसऱ्याला आपली जुडी कापून, पटक्यात खोचून, तिसऱ्या इगर्जीच्या पायरीवर येऊन बसायचाच. "असूं दे बापडी, लागली तर हाय," असं वर म्हणायचा. असा माणूस!

पण आबापुढं त्याची डाळ कधी शिजली नाही. आमचे आबा म्हणजे चालणारा माणूस. लोंब्या कापल्या की रानवाटेनं वरच्या इगर्जीत, तिथून तसाच रान तुडवत खाली नदीवर, आमच्या गावासमोरच्या उतारातून मांडीभर पाण्यातनं पलीकडं, मग मधली इगर्ज आणि तिसरी. तिसरी इगर्ज आमच्या अंगणातून दिसायची, नदीपलीकडच्या टेकाडावर, पांढरीशुभ्र. तिथली घंटा वाजली की आयी वैलावरचं आधण चुलीवर घ्यायची. त्या घंटेची आम्ही पोरं वाट कशी बघायचो ते आत्ताच्या पोरांना कळायचं नाही. भादव्यात कणग्या तळाला लागलेल्या असायच्या. सकाळी नाचण्याची आंबील, दुपारी नाचण्याची भाकरी आणि कुळथाचं पिठलं, रात्री परत आंबील, आणि तोंडाला चव म्हणून एक तवसं, म्हणजे मोठी काकडी, सगळ्यांत चिरून. त्यावर दसऱ्याला नव्या तांदळाची खीर, गूळ आणि नारळाचं दूध घालून! तिचा वास आजही नाकात आहे.

आता सायकलकडं येतो. माझा मामा कॅसलरॉकला रेल्वेत होता. तिथला कुणी गोरा साहेब विलायतेला परत जाताना सायकल टाकून गेला, ती मामानं मला आणून दिली. मिसरूड फुटायच्या वयात सायकल! गावात कुणी तसली वस्तू पाहिलेली नव्हती. आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, सीट दाबून बघितली, चाक उचलून फिरवलं आणि म्हणाले, "जित्राब न्हाई, दूध न्हाई, शेण न्हाई, नुसता वारा खाती. वाळकी शेळी हाय ही. बाजाराच्या दिवशी विकून टाकू." त्या दिवसापासून ती वाळकी शेळीच झाली. आबा तिला गोठ्यात बैलांशेजारी बांधायला लावायचे, दाव्यानं, खरोखरच्या दाव्यानं. मी तिच्यावर बसायला शिकलो ते लाकडाच्या गाड्यांच्या चाकोरीत पडून पडून. गुडघे कायमचे सोललेले. विकायचं मात्र दसऱ्यानंतर म्हणून नक्की झालं होतं, आणि मला रात्री झोप लागत नव्हती.

खंडेनवमीला घरातली सगळी आवुतं धुऊन पुजायची. नांगर, कोयते, कुऱ्हाड, पहार, मापटं. आयीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आण तुझी शेळी, तिनं काय पाप केलंय?" मी तर उडालोच. धुतली, पुसली, ओळीत उभी केली. आयीनं तिला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन बराच वेळ तिच्या अंगावरून हात फिरवत बसली. मला वाटलं, कौतुक चाललंय.  त्याच संध्याकाळी घाटमाथ्याकडं ढग दाटले होते, परतीचा पाऊस तिकडं कोसळत होता, आणि आम्ही सगळे खिरीची स्वप्नं बघत होतो.

दसऱ्याला उजाडल्यावर आबांनी लोंब्या कापल्या, गावदेवीची जुडी चढवली, उरलेल्या तिन्ही पटक्यात खोचल्या, आणि वर जायच्या आधी सवयीनं नदीवर नजर टाकायला गेले. मी मागोमाग होतो. नदी लाल झाली होती. उताराचे खडक बुडालेले, मधोमध अख्खं झाड वाहत चाललेलं, आणि आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आबा मांडीपर्यंत आत गेले, एकदा पाय सरकला, माघारी आले. दुसऱ्यांदा गेले, परत माघारी. त्यांच्या तोंडावरचा रंग गेला होता. आता वाट एकच होती, गाडीवाटेची. वरच्या इगर्जीवरून घाट उतरून लांब लाकडी पुलावर जायचं, पूल ओलांडला की मधली इगर्ज, आणि तिथून नदीच्या कडेकडेनं उलटं तिसरीपर्यंत यायचं. बैलगाडीला दिवस मावळायचा. आबांसारखा चालणारासुद्धा तिन्हीसांजेच्या आत पोचला नसता.

पलीकडच्या टेकाडावर एक माणूस इगर्जीच्या पायरीकडं चढत होता. एवढ्या लांबूनही मी चाल ओळखली. नागोजीकाका!

"मी नेतो," मी म्हणालो.

"काय?"

"शेळीवरनं नेतो. गाडीवाटंनं. घंटंच्या आत पोचतो."

 आबांना राग आला होता, नदीचा, नागोजीचा, माझा, सगळ्यांचाच. "मान नेण्याची गोष्ट हाय ही, खेळ न्हाई," ते ओरडले. मागून आयी आली होती. ती म्हणाली, "मग हितं उभं ऱ्हाऊन मान जातोय का ऱ्हातोय? द्या की पोराकडं." आबांनी डोक्यावरचा पटका लोंब्यांसकट उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. तो मला ढिला होत होता, म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी हनुवटीखालून गाठ मारली, चांगली करकचून. मग फडक्यानं आपलं डोकं गुंडाळलं आणि तिथंच एका दगडावर बसले. चुकलो तर मान जाणार, हे मला ठाऊक होतं. पण खरं सांगू? आनंदही झाला होता, आतून फुटून बाहेर येईल एवढा.

वरच्या इगर्जीची चढण मी निम्मी हातानं ढकलत चढलो. रान न्हाऊन निघालेलं, पानापानांवरून थेंब गळत होते, वर धनेश पंख फडफडवत उडत होते, त्या पंखांचा आवाज एखाद्यानं घोंगडी झाडावी तसा. इगर्जीपुढं मारींमाय, तिथला दिवा लावणारी म्हातारी, दारातच उभी होती. मला बघून ती आधी घाबरली, मग सायकल बघून जास्तच घाबरली. "बापूय खंय?" तिनं विचारलं, म्हणजे बाप कुठाय. मी हातानं नदी दाखवली. ती समजली. एक जुडी आल्तारावर, म्हणजे आतल्या वेदीवर, चढली, आणि त्या वाळक्या बाईनं घंटेचा दोर असा ओढायला घेतला की मला हसू आलं. घराघरांतून लुगडी सावरत बायका चुलीकडं धावल्या. मारींमाय दोर ओढता ओढताच जुन्या तांदळाच्या सान्नांकडं, म्हणजे त्यांच्या इडल्यांकडं, बोट दाखवत होती. पांढरीशुभ्र, वाफाळलेली सान्नां! अगं माये, मी उपाशी हाय, नेम हाय, म्हणत मी टांग मारली आणि घाटाच्या तोंडाशी आलो.

इथून खरा उतार. मी थोडा वेग घेऊ दिला, आणि पहिल्या वळणाआधी ब्रेक दाबला. काही नाही. परत दाबला. रबर चाकावरून सुळसुळत गेलं, लोण्यावरून बोट जावं तसं. माझं धाबं दणाणलं! वळणापलीकडं दरी होती. मी पाय टेकले, टाचा घासल्या, शेवटी हँडल डोंगराच्या बाजूला मोडलं आणि कारवीच्या जाळीत पाठीवर पडलो. पण मान! मान मी वर ताठ धरली होती, बुडणारा माणूस नाक वर धरतो तशी. पाठीखाली कारवी मोडून चटई झालेली, पाय आभाळाकडं, सायकल छातीवर, आणि लोंब्या भुईपासून वीतभर वर. तशाच अवस्थेत हात वर नेऊन मी त्या चाचपल्या. दोन्ही जुड्या जागच्या जागी होत्या. आबांनी मारलेली गाठ ती, सुटते कशाची!

उठून बघतो तर ब्रेकच्या रबरांना खोबरेल तेल. चाकांच्या कडांनाही. वर हळद. आयीनं आदल्या दिवशी माया करून करून सगळं अंग चोपडलं होतं. नंतर तिला विचारलं तर म्हणाली, "ते रबर किती सुकून कडक झालं हुतं रं, टाचंला भेगा पडल्यागत. मी म्हणलं, मुरू दे जरा." मुरलं होतं, चांगलंच मुरलं होतं. मी माती चोळली, पानांनी पुसलं, धोतराचा सोगा घासला. थोडं धरायला लागलं, पण तो घाट उतरण्याएवढं नाही. चालत उतरावं तर घंटा चुकणार. मी त्या वाटेवर उभा राहून रडकुंडीला आलो.

तेव्हा समोरच्या चिखलात मला एक रुंद घसर दिसली. लाकडाच्या गाड्या हा घाट उतरायच्या तेव्हा गाडीवान मागं एक ओंडका बांधायचे, तो घासत यायचा आणि गाडी बैलांच्या अंगावर जायची नाही. मी त्या गाड्यांमागून लहानपणापासून पळत आलो होतो. म्हटलं, गाडीला ओंडका तर शेळीला फांदी! पावसानं मोडून पडलेली मत्तीच्या झाडाची एक डहाळी ओढून आणली, चांगली पानांनी भरलेली, खांद्यावरच्या उपरण्यानं सीटखाली बांधली आणि देवाचं नाव घेऊन सुटलो.

काय उतरलो म्हणून सांगू! मागं डहाळी खसाखसा घासतेय, चिखल दोन्हीकडं उडतोय, वानरं झाडांवरून किचाळतायत, आणि शेळी अगदी शहाण्यासारखी माझ्या हुकमात चाललीय. वळण आलं की मी पाय टेकायचो, वळण गेलं की सोडायचो. उजवीकडं खाली सगळं खोरं उघडं पडलं होतं, पिवळी होत आलेली शेतं, मधून लाल नदी, कौलारू घरांचे पुंजके, आणि पुलापलीकडं मधल्या इगर्जीचा पांढरा ठिपका. वर घंटा अजून वाजत होती. त्या घटकेला मला राजा म्हणून कुणी हाक मारली असती तर मी वळून बघितलं असतं.

पुलाच्या फळ्यांवर डहाळीनं असा खडखडाट केला की मधल्या इगर्जीचं सगळं गाव बाहेर आलं. कुत्री तर वेडीच झाली. "झाड चालत येतंय गं आव!" एक पोरगी किंचाळली. कुणीतरी जुडी आत नेली, कुणीतरी घंटा धरली, आणि एका बाप्यानं कोयत्यानं उपरणं कापून डहाळी सोडवली. उपरण्याचा अर्धा तुकडा सीटखाली लोंबतच राहिला. मी तोंडावर पाणी मारलं आणि निघालो. आता वाट सपाट होती, पण चिखलाची आणि खड्ड्यांची. पोटात आग पडलेली, मांड्या भरून आलेल्या. शेतांतून माणसं उठून बघत होती, बायका बांधावर येऊन ओरडत होत्या, "दामट रं! दामट!" सगळ्यांना ठाऊक होतं मी कुठं चाललोय ते. मी दामटली.

टेकाडाखाली पोचलो तेव्हा वर घंटेच्या दोराला हात घालून इनासबाब उभा होता. तिसऱ्या इगर्जीचा हा म्हातारा मोठा नेमाचा. खुरसाची सावली पायथ्याला भिडली की दुपारची घंटा, तीन ठोके, थांबायचं, परत तीन. तो सावलीकडं बघत होता, आणि सावली पायथ्याला भिडायला बोटभर उरली होती. पायरीवर नागोजीकाका, डोक्यावर जुडी, जागेवरून अर्धवट उठलेला. भोवती गावातल्या बायका रिकामी भांडी घेऊन. मी सायकल खाली टाकली आणि धापा टाकत वर पळालो.

"आलो! आबाच्या घरचं नवं आलं!"

"थांब," नागोजीकाका आडवा झाला. "नवं पायी आणायचा रिवाज हाय. ह्या लोखंडावरनं आणलेलं देवाला चालत न्हाई."

"काका, बाजूला व्हा."

"न्हाई हुत जा!"

इनासबाबनं दोर सोडला नाही. त्यानं मला एवढंच विचारलं, "भात भुंयेक लागलां?" भुईला लागलं का? मी म्हणालो, "मी लागलो, लोंब्या न्हाई लागल्या." आणि पाठ फिरवून कारवीनं सोललेली पाठ दाखवली. बायका हसायला लागल्या. त्यातली एक, कडेवर पोर असलेली, पुढं येऊन कडाडली, "नागोजीदादा, तुमचं भांडान सांजच्याला घाला! पोरं उपाशी हायती, चूल थंड हाय. त्यानं पायानं आणू दे न्हाईतर उडत आणू दे, आम्हाला नवं पायजे!" झालं. सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. नागोजीकाकाला इतका राग आला, इतका राग आला, की त्यानं पटक्यातली आपली जुडी उपसून खाली आपटली.  जुडी भुईला लागली होती! त्यालाही ते कळलं. तो आपल्याच लोंब्यांकडं बघत राहिला.

मी आत गेलो, हनुवटीखालची गाठ सुटेना म्हणून नखांनी ओरबाडून सोडवली आणि शेवटची जुडी आल्तारावर चढवली. मागं वळलो तर इनासबाब दोर माझ्यापुढं धरून उभा. "तूं वाजय," म्हणाला. मी! आमच्या घरातल्या कुणी तो दोर कधी धरला नव्हता. मी दोन्ही हातांनी लटकलो.

ओढता ओढता नदीपलीकडं बघितलं. आमच्या काठावर, त्याच दगडाजवळ, एक माणूस उभा होता. आधी तो हलला नाही. दुपारची घंटा की नव्याची, ते ऐकत असणार. मी दम घेतला नाही, थांबलो नाही, तीनावर चौथा, चौथ्यावर पाचवा ठोका मारत गेलो. मग चारचौघांत कधी बोडका न झालेल्या माझ्या बापानं डोक्यावरचं फडकं काढलं आणि वर धरून गरगरा फिरवायला लागला. मी ओरडून रडत होतो आणि घंटा वाजवत होतो. ती घंटा आता इथं रामनगरच्या नव्या इगर्जीत टांगलीय. वाजली की मी कट्ट्यावर ताठ बसतो, आणि सून म्हणते, मामंजींना परत चढलं.

परतीची वाट गाडीवाटेचीच, नदी उतरली नव्हती. प्रत्येक घरातून नव्या तांदळाचा वास येत होता, प्रत्येक दारातून कुणीतरी जेवायला हाक मारत होतं, आणि मला घरचं नवं खाल्ल्याशिवाय काही चालणार नव्हतं. घाट ढकलत चढलो. घरी पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. अंगणात पाट मांडलेला, आयी दारात, डोळे पुसत आणि हसत. तिच्या हातात तेलाची वाटी. "पाय चोळून देती ये," म्हणाली. मी म्हटलं, "माझ्या पायाला लाव, आणखी कशाला लावू नको!"

 नव्याच्या उरलेल्या लोंब्या घरातल्या सगळ्या कमावत्या वस्तूंना बांधायची आमच्यात रीत. दाराला, नांगराला, मापट्याला, बैलांच्या शिंगांना बांधून झालं होतं. आबांच्या हातात एक लोंबी उरली होती. ते सायकलपाशी आले, सीटखालची उपरण्याची चिंधी सोडली, हँडलवरचा चिखल हातानं पुसला आणि ती लोंबी तिथं बांधली, बैलाच्या शिंगाला बांधतात तशीच, दुहेरी गाठ मारून. मी पाटावर बसायला वळलो. खीर वाढलेली होती.

"ऊठ," आबा म्हणाले. "आपुन जेवायच्या आधी जित्राबाला घालायचं असतं, इसरलास? सकाळपासनं राबलीय ती. आधी तिच्यात वारा भर."

मी उठलो आणि पंप आणला. आबा चाक धरून बसले, मी वारा भरला, आणि मग आम्ही दोघं जेवलो.